बजरियाची लाइन

अण्णा, तुमची नोकरी मी अजून करते आहे. तुम्ही नोकरीत असतानाच गेलात म्हणून तुमच्या जागी मला घेतलं, त्याला आता इतकी वर्षं झाली की इथली नवीन हिंदी पोरं मला आत्या करून 'बुआजी' म्हणतात. माधवगंजच्या घरून टेम्पोने सबस्टेशनला जाते आणि कंट्रोल रूममध्ये तुम्ही बसायचात तिथेच बसते. लाइनमनला खांबावर काम असलं की तो फोन करतो, मी त्या भागाची लाइन बंद करते, 'बंद है' म्हणते, आणि तो वर चढतो. माझ्या दोन शब्दांवर माणूस चढतो. हे काम तुम्हाला समजावून सांगायला नको. पण ते दोन शब्द म्हणताना माझं तोंड कोरडं पडतं, हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही.

माझं वाचणं तुम्हाला ठाऊक होतं. सकाळी आई पोळ्या लाटते आहे, स्टोव्हचा आवाज चाललाय, आणि तुम्ही चहाचा कप बाजूला सारून पेपर माझ्यापुढे ठेवता. "मोठ्यानं वाच." मी सुरू करते. पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते, आणि तुम्ही तिथेच पकडता. "डोळे फुटलेत का? लिहिलंय ते वाच, मनाचं नको!" आई लाटणं थांबवून म्हणते, "अहो, राहू द्या आता." तुम्ही राहू देत नाही. मला खरंच लिहिलेलं दिसत असे, अण्णा. दिसत असे आणि हातात येत नसे. तुम्हाला वाटायचं मी आळशी आहे. मला वाटायचं मी मठ्ठ आहे. तिसरं काही असू शकतं हे त्या स्वयंपाकघरात कोणाला सुचलं नाही.

सबस्टेशनमध्ये मी पाट्या वाचून काम केलंच नाही. लाइनींचे पॅनल दारापासून ओळीने उभे, त्यांची जागा पाठ करून टाकली. दारापासून दुसरा पॅनल बाजाराचा, शेवटचा बजरिया मोहल्ल्याचा. इतकी वर्षं त्यात चूक झाली नाही. मग या उन्हाळ्यात जुने पॅनल काढून नवे बसवले, आणि त्यांची ओळच बदलली. बाजार आणि बजरिया आता शेजारी शेजारी आले. दोन्ही पाट्या छापील, बारीक, एकसारख्या. मी घरी येऊन नवी ओळ पाठ केली, पण हात जुन्याच ओळीने चालायचा.

भर दुपार होती, बाहेर लूचा गरम वारा चालला होता. लाइनमनचा फोन आला, "बुआजी, बजरिया बंद कर दीजिए, खंभे पर जंपर जल गया है, तार जोड़ना है." हा आपला जुना माणूस, तुमच्या वेळी नवीन लागलेला. मी उठले, पाटी पाहिली, 'ब' पाहिला, 'ज' पाहिला आणि बटण फिरवलं. "बंद है." खुर्चीत बसते न बसते तोच दुसरा फोन. कोणी दुकानदार चिडून विचारत होता, "बाज़ार की लाइट क्यों काट दी?"

मी बाजार बंद केला होता, बजरिया अजून चालूच होती. लाइनमनला फोन लावला. घंटी वाजते आहे, तो उचलत नाही. पुन्हा लावला. तो चढत असणार, फोन खाली पिशवीत असणार. मी पॅनलपुढे धावले आणि मला काही वाचता येईना. घाबरले की येतच नाही. ही बाजार की ती? पुन्हा चुकलं तर? तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. मी शाळेत असताना तुम्ही मला एकदा इथे आणलं होतं आणि सगळ्यांना वीज देणारं मोठं बटण दाखवून म्हणाला होतात, "काही कळेनासं झालं की हे पाडायचं. लोक शिव्या देतील, देऊ दे. शिव्यांनी कोणी मरत नाही." मी ते पाडलं. पंखा थांबला, सगळे दिवे गेले, आणि त्या शांततेत मी हातात फोन धरून उभी राहिले. तो वाजला तेव्हा कानाला लावायचं धैर्य होईना.

"बुआजी, पूरे इलाके की लाइट क्यों उड़ा दी?" तो होता. मी विचारलं, "तार को हाथ लगाया क्या?" "नहीं, अभी तो बेल्ट बाँध रहा था." मी जमिनीवर बसले आणि त्याला म्हटलं, "नीचे उतर जाओ. मुझसे गलती हुई है."

संध्याकाळी इंजिनीअर साहेब आले. पोरगाच आहे, माझ्या भाच्याएवढा. कारण विचारलं. थकवा, ऊन, काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सर, मुझे पढ़ने में दिक्कत है. बचपन से." त्याने वही मिटली. मग म्हणाला, "इसको डिस्लेक्सिया बोलते हैं. पर रिपोर्ट तो करनी पड़ेगी, बुआजी." ते दिवस कसे गेले विचारू नका. नोकरी गेली तर घर कशावर चालवायचं? मोठ्या ऑफिसात तीन साहेबांपुढे मला पाट्या वाचायला लावल्या, आणि मी पुन्हा त्या स्वयंपाकघरातली मुलगी झाले. दोनदा अडखळले, एकदा चुकले. मग मीच म्हटलं, पाट्यांना रंग लावा, मोठे आकडे लिहा, आणि लाइन बंद करण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या. एक साहेब म्हणाले, "ये तो पहले ही होना चाहिए था."

नोकरी राहिली. बजरिया आता पिवळी आहे, बाजार निळा. लाइनमन फोनवर रंग आणि आकडा सांगतो, मी तोच परत म्हणते, ड्यूटीवरचा जोडीदार येऊन बघतो, मगच बटण फिरतं. भीती मात्र गेली नाही, अण्णा. 'बंद है' म्हटल्यावर तो खाली उतरल्याचा फोन येईपर्यंत मी पाणीसुद्धा पीत नाही.

हा कागद मी तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. आई अजून आहे, तिच्या हाती लागायचा. तुमच्या तेराव्याला साहेब घरी आले आणि म्हणाले, मुलीला वडिलांची जागा देऊ. तेव्हा मी इतकी रडले की बायकांनी मला धरून आत नेलं. सगळ्यांना वाटलं, बापासाठी रडते आहे. मी त्या पाट्यांना घाबरून रडत होते.