दरडीपलीकडे यानामा

६ मे, काचोरा

बाबा येणार म्हणतात! समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. उपयोग शून्य. सकाळी अंगणात जाऊन बघतो तर खेचरांवर सामान बांधून तयार. "तुझा खेचरवाला आजारी आहे ना? मग मी येतो." खेचरवाला ठणठणीत आहे. बाबांनीच त्याला परस्पर घरी पाठवून दिलं, हे नंतर कळलं.

पाय अजून धड नाही. ईस्टरपर्यंत काठीशिवाय परसात जाता येत नव्हतं. पण दरडीपलीकडच्या यानामा गावाला जायचं म्हणजे जायचं. एदिल तिकडेच आहे असं त्यांनी ठरवून टाकलंय. "दरडीत खेचर गेलं. खेचर म्हणजे माझा पोरगा नव्हे." पुढे — उडी मारून तो पलीकडे गेला असेल, वाट बंद म्हणून अडकला असेल, नाहीतर खाली कॉफीच्या मळ्यावर कामाला लागला असेल. दर वेळी नवीन काहीतरी.

फेब्रुवारीत मी स्वतः तिथे उकरत होतो. वाटेवरच्या मारामपाता गावची माणसं होती सोबत. खेचर सापडलं, एदिलची पिशवी सापडली. बाकी वर अर्धा डोंगर. तो कोण उपसणार? शेवटी त्यांनीच मला धरून परत आणलं. बाबा तेव्हा पाय मोडून घरात पडलेले. त्यांनी दरड पाहिलेलीच नाही. भर पावसात एदिल त्या वाटेला गेला तरी कशाला, तेही कुणाला माहीत नाही. "काम आहे," एवढंच म्हणाला होता. हसत गेला होता.

निघताना आईने मला चुलीपाशी बोलावलं आणि गाठोडं हातात दिलं. एदिलचे कपडे. "दरड दाखव त्यांना. आणि खाली नदीवर हे धुवून घे." माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुवायचे, मग त्याचा जीव सुटतो. एदिलचे अजून तसेच आहेत. बाबा हात लावू देत नाहीत.

म्हणजे मी बापाला पोरगा मेलाय हे दाखवायला नेतोय. सोबत पाहुणे. वाटाड्या म्हणून मोसमातला माझा पहिला गट! हसावं की काय करावं.

७ मे, चिकिस्का

दिवसभर उतार. खाली आपुरीमाक नदी, वर तापलेला कातळ, मध्ये आम्ही. डासांनी सगळ्यांना फोडून काढलं.

पाहुणे चौघं, डेन्मार्कचे. बिर्गिट नावाची म्हातारी त्यांची पुढारी. शाळेत शिकवायची. दोन काठ्या टेकत सगळ्यांच्या पुढे चालते. बाकीचे तिघं तिच्या मागे फोटो काढत.

बाबा प्रत्येक वळणावर थांबतात. तोंडाभोवती हात धरतात आणि हाक मारतात — "एदिल! ए एदिलबेर्तो!" दरी ती हाक तशीच परत पाठवते. मग खेचराला "चल रे" म्हणतात आणि पुढे.

बिर्गिटने विचारलं, "तुमचे वडील काय म्हणतात?" मी म्हटलं, खेचराचं नाव आहे ते. काय सांगणार? पाहुणे चालायला आलेत. त्यांच्या पाठीवर आणखी हे ओझं कशाला.

तोरिबियामामी स्वयंपाकाला आहे म्हणून बरं. मामा गेल्यापासून ती माझ्याच गटांबरोबर असते. बाबांना ती एकटीच बोलू शकते. "नाझारिओ, हाका मारून मारून घसा बसवलास, आता त्याच्यावर माझं सगळं सूप खर्च होईल!" बाबा हसले. खरंच हसले. आणि भाजलेला मका खाताना एक मूठ वेगळी काढून रुमालात बांधली. एदिलसाठी. मामीने माझ्याकडे पाहिलं, मी तोंड फिरवलं.

८ मे, मारामपाता

चढ. चढ आणि चढ. बाबांचा पाय सुजलाय, कबूल करत नाहीत. खेचराची शेपटी धरून चालत होते. त्यांना वाटतं मला दिसत नाही.

इथे ज्यांनी माझ्याबरोबर उकरलं ती माणसं भेटली. मी डोळ्यांनी खुणावलं, विषय काढू नका म्हणून. पण बाबांनीच काढला. "पलीकडून कुणी आलं का? यानामाकडून?" त्यांच्यातला साबिनो म्हणाला, "कुठून येणार, काका? दरड पडल्यापासून ना इकडचा माणूस तिकडे गेला, ना तिकडचा इकडे. वाट आम्ही गेल्या आठवड्यात फोडली."

"बघ!" बाबा माझ्याकडे वळले. "कुणी आलंच नाही तर तो तरी कसा येईल?"

साबिनो खाली बघायला लागला. मला त्या क्षणी बाबांना मारावंसं वाटलं. मग स्वतःला. मग काहीच वाटेना. आता हे असंच होतं — राग येतो, अर्ध्यात विझतो. आईशी बोलताना, जेवताना, कशातच शेवटपर्यंत पोचत नाही मी.

मामीशी भांडण झालं. ती म्हणते, "का नेतोस त्याला तिथे? राहू दे ना आशेवर. कुणाचं काय जातंय?" मी म्हटलं, आईचं जातंय. ती रोज गाठोड्याशी बोलते. मामी बटाटे सोलायला लागली. सालं जाड निघत होती.

९ मे, चोकेकिराव

आमच्या पूर्वजांच्या शहराचे अवशेष. मी बोललो नेहमीचं. चौक, गोदामं, पाण्याची पन्हळ, आणि पायऱ्यांच्या शेतांवर बसवलेली पांढऱ्या दगडांची, लांब मानेची लामा जनावरं. तोंड चालू असतं, मी भलतीकडेच असतो. एदिल हेच सांगायचा तेव्हा लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. लामांची नक्कल करायचा तो. मान ताणून, ओठ हलवत. मी नक्कल करत नाही.

बिर्गिटने विचारलं, "आणि इथली माणसं? ती कुठे गेली?"

मी म्हटलं, "गेली."

बाबा खेचरांना चरायला सोडून भिंतीशी बसले होते. त्यांना स्पॅनिश कळतं, हवं तेव्हा. "काय गेली?" ते आमच्या बोलीत म्हणाले. "मी काय मग भूत आहे? हा माझा पोरगा इथे बसून पोट भरतो, आणि लोकांना सांगतो सगळे गेले!" मी ते भाषांतर करून सांगितलं. चौघंही खूप हसले. बाबाही.

मग त्या मोकळ्या चौकाच्या टोकाला जाऊन त्यांनी यानामाच्या दिशेने हाक मारली. पाहुण्यांना वाटलं, खेळ आहे. तेही मारायला लागले — "एदिल! एदिल!" चार परकी तोंडं माझ्या भावाला बोलावत होती. मी पाणी भरायला गेलो तो लवकर परतलोच नाही.

१० मे

पाऊस नाही, पण ढग. मुक्काम वाढवला, पाहुण्यांना अवशेष पुन्हा बघायचे होते. उद्या दरड.

११ मे, रिओ ब्लांको

झालं.

वळण घेतलं आणि समोर ती. हिरव्या डोंगराला कुणी वरून खालपर्यंत सोलल्यासारखी. अजून एक झुडूप उगवलं नाही. साबिनोच्या लोकांनी मधून एक माणूस जाईल एवढी वाट कोरलीय. पाहुणे फोटो काढायला लागले. तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं — इथे माझा भाऊ आहे. बिर्गिटने टोपी काढली. एकजण कॅमेरा हातात धरून तसाच उभा राहिला, तो कुठे ठेवायचा ते त्याला समजेना.

बाबांनी खेचराचा दोर मामीकडे दिला आणि वाटेवर चालत गेले. हळूहळू, पायाने चाचपत. मधोमध थांबले.

"इथे?"

"खेचर तिथे खाली होतं. पिशवी थोडी अलीकडे."

वर बघितलं. खाली बघितलं. परत वर. "एवढी?"

"एवढी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंस."

मग वाकले आणि दगड उचलायला लागले. एक बाजूला टाकला, दुसरा टाकला. वरून बारीक माती सुटायला लागली. मी जाऊन त्यांचे हात धरले. त्यांनी हिसडे दिले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. बाबा म्हणजे कुणी धरून ठेवावा असा माणूस नव्हे. आज लहान पोराला न्यावं तसं मी त्यांना पलीकडे नेलं.

खाली नदीवर तंबू ठोकत होतो तर मागे येऊन उभे राहिले. "आण ते गाठोडं."

"कुठलं?"

"शहाणपणा नको. तुझ्या आईला मी आज ओळखतो का?"

काढून दिलं. डोक्यातून घालायचा लाल पोंचो, विजार, कानटोपी, सदरा. दगडावर ठेवून ते बाह्या सरसावायला लागले तेव्हा मामी आली. "घरच्यांनी धुवायचे नसतात, नाझारिओ. हो बाजूला. मी धुते." बाबा बाजूला झाले. नदीकडे पाठ करून बसले. मामी एकेक कपडा बुडवून दगडावर आपटत होती आणि आपटताना एदिलशी बोलत होती — जा रे बाळा, जा, चिखल घेऊन जाऊ नकोस, मागे बघू नकोस, जा. पाणी आधी लालसर आलं, मग स्वच्छ. बिर्गिट लांब उभी होती. कुणी न सांगता तिने तिघांना तंबूत पाठवलं.

बाबांनी रुमालातला मका सोडला आणि पाण्यात टाकला.

आईने सांगितलं ते झालं. मी जिंकलो म्हणायचं! आणि काय जिंकलो? घरात एकच माणूस एदिलची वाट बघत होता. आता तोही नाही.

१२ मे, माइसाल

बाबांनी दिवसभरात एकही हाक मारली नाही. वळणं आली, गेली. मीच प्रत्येक वळणावर कान देऊन ऐकत होतो.

जेवले नाहीत. मामी म्हणाली, "नाझारिओ, माझ्या हाताला एवढीपण चव नाही का?" तिच्याकडे बघितलं, पण ओळख पटली नाही असं.

घरी जाऊन आईला काय सांगू? एक तिथे होताच, दुसराही तिथेच ठेवून आलो.

१३ मे

खिंड ओलांडली. बर्फ समोर लखलखीत. पाहुणे एकमेकांना मिठ्या मारत होते. खिंडीत प्रत्येकाने राशीवर एक दगड ठेवायचा, बाबांनी तोही ठेवला नाही. "कुणासाठी?" म्हणाले. दोन दिवसांत बोललेला पहिला शब्द.

बिर्गिट उतारावर माझ्या बरोबरीने चालत होती. खूप वेळ. शेवटी म्हणाली, "मी काही बोलणार नाही." बरं केलंस बाई.

आता मला कळतंय, मामीचं बरोबर होतं. माणसाला खरं दाखवून करायचं काय? आशा वेडी होती, पण चालत तरी होती. काल-आज जो माझ्या मागे चालला तो माणूस नव्हता, खेचरांच्या मागे ओढली जाणारी दोरी होती. हा माझा शेवटचा गट. परत गेलो की सोडणार. मग काय करणार? माहीत नाही. काहीही नाही.

१४ मे, यानामा



तंबू ठोकत होतो. एक पोटुशी बाई बटाट्यांची टोपली घेऊन आली, मामीला विकायला. पण बटाटे राहिले बाजूला, बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. एदिल हुबेहूब बाबांसारखा होता, सगळेच म्हणायचे.

"तुम्ही एदिलबेर्तोचे कोण?"

"बाप."

बस! टोपली आपटली आणि सुटलीच. "मग विचारा तुमच्या लेकाला! मी, या नेमेसियाने, निरोप धाडला होता की नाही? दिवस राहिलेत, ये म्हणून! येतोय म्हणून उलट निरोपही आला. आला का? वाट बंद पडली, बरंच निमित्त मिळालं त्याला! कुठे तोंड लपवून बसलाय?"

मामीने तोंडावर हात धरला.

बाबा उठले. टोपी काढून हातात घेतली.

"पोरी," ते म्हणाले, "निघाला होता गं तो. तुझ्याकडेच निघाला होता."