सतरा सेकंदांची मेणबत्ती

बुधवार, ९ तारीख

१. सोमवार, तिसरा तास, सातवी ब. विद्यार्थी चौतीस, मेणबत्त्या नऊ, काचेच्या बरण्या नऊ.

२. प्रयोग : पेटत्या मेणबत्तीवर बरणी उपडी ठेवणे आणि ती किती वेळाने विझते ते पाहणे.

३. 'मेणबत्ती १७ सेकंदांनी विझली' हे निरीक्षण तेहतीस वह्यांत मेणबत्ती पेटवण्याआधीच लिहून झाले होते.

४. नऊपैकी एकही मेणबत्ती सतरा सेकंदांनी विझली नाही. सर्वांत घाईची एकोणतीस, सर्वांत चिवट चौतीस.

५. चौतिसाव्या वहीत ३१ लिहिले होते.

६. त्या वहीला दहापैकी दोन गुण मिळाले. ते मी दिलेले नाहीत.

७. एक बरणी फुटली. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. आतापर्यंत चौकशी फक्त तिचीच झाली आहे.

तीर्थरूप आत्यास नमस्कार. (साष्टांग घालायला प्रयोगशाळेत दोन बाकांमध्ये जागा नाही, तेवढा कमी धरावा.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत असशील असं मी समजते, आणि करत नसशील असं मला माहीत आहे. मी बरी आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांवर मेण सांडलं होतं, ते आता निघालं. घटनाक्रम आधी लिहिला, कारण फोनवर मी हा विषय काढला असता तर तू "जेवलीस का" असं विचारून तो तिथेच संपवला असतास.

मी नोकरी करते ती प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलेपर्यंत मी चार महिने मोकळी होते. तराजू आणि तापमापकं खरं मोजतात की नाही हे मोजण्याच्या माझ्या कामाचा कोणाला उपयोग नव्हता, तेव्हा तू म्हणालीस की शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर आहेत, तू जा, मी शब्द टाकते. तू तीस वर्षं जिथे शिकवलंस आणि मी जिथे सातवीत बसले तीच शाळा, म्हणून मी एकच प्रश्न विचारला, की वर्गात काय अपेक्षित असतं. त्यावर तू म्हणालीस, "काही नाही गं. मुलं प्रश्न विचारतात, आपण उत्तरं द्यायची." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. आता त्याची तपासणी करायला हरकत नाही.

मुलं प्रश्न विचारतात, हे शंभर टक्के खरं आहे. पहिल्या आठवड्यात मी ते मोजले. एकूण एकशे बारा. त्यांपैकी एकेचाळीस 'बाई, हे लिहायचं का' असे होते, सव्वीस समास किती सोडायचा याबद्दल, एकोणीस निळं पेन की काळं याबद्दल, चौदा पाणी प्यायला जाऊ का, आणि उरलेल्या बारांपैकी अकरा एकाच मुलीचे. (बारावा प्रश्न माझं लग्न झालंय का असा होता. त्याचं उत्तर दिलेलं नाही.) या अकरा प्रश्नांच्या मालकिणीला वर्ग 'घड्याळवाली' म्हणतो. तिच्या मनगटावर तिच्या वडिलांचं जुनं आकड्यांचं घड्याळ असतं, पट्ट्याला जादा भोक पाडून बसवलेलं, आणि त्यातलं सेकंद मोजायचं बटण ती मधल्या सुट्टीतसुद्धा दाबते. नळाखाली बाटली भरायला किती वेळ लागतो, घंटा किती उशिरा होते, मी हजेरी किती वेळात घेते, हे सगळं तिच्याकडे आहे. मी हजेरी दोन मिनिटं आठ सेकंदांत घेते.

प्रयोगशाळेचं वर्णन तुला करायला नको, तरी तू गेल्यानंतर झालेली प्रगती कळवते. सूक्ष्मदर्शक आहे. तो कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली तपासनीस येतात त्या दिवशी निघते. मुलांना बाहेरून पेटी दाखवतात, आणि पेटीची नामनिर्देशित आकृती वार्षिक परीक्षेत येते. प्रिझम आहे, पण ज्या खिडकीतून ऊन यायचं तिच्यासमोर ते कपाट आहे. पचनसंस्थेच्या तक्त्यावरच्या गृहस्थांना कोणीतरी मिशा काढल्यात, त्या त्यांना शोभतात. बेसिनचा नळ सुतळीने बांधलेला आहे. आणि या सर्वांवर देखरेख करायला काका आहेत, तुझ्या वेळचेच, प्रयोगशाळेचे सेवक. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय आणि तोवर एकही वस्तू वापरली जाऊ नये अशी त्यांची माफक इच्छा आहे.

आता सोमवार. मी नऊ मेणबत्त्या मागितल्या तेव्हा काकांनी मी रॉकेल मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "पेटवणार?" म्हणाले. मी हो म्हटलं. "पण निरीक्षण तर आहे की," असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून नमुना वही काढून दिली. ही वही म्हणजे या शाळेची खरी प्रयोगशाळा आहे. खाकी वेष्टन, कोपरे चिकटपट्टीने जोडलेले, नाव कुठेच नाही, आत बावीस प्रयोग सुवाच्य अक्षरात. दरवर्षी जूनमध्ये वर्गातली बरं अक्षर असलेली मुलगी ती फळ्यावर उतरवते, मुलं फळ्यावरून वहीत, आणि वर्ष संपतं. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं. प्रयोग करायचा राहिला तर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो चौदा वर्षांपूर्वी झालेला आहे.

मेणबत्तीच्या पानावर लिहिलंय, 'मेणबत्ती १७ सेकंदांनी विझली.' बरणी केवढी, मेणबत्ती केवढी, किती वेळा मोजलं, काही नाही. आमच्याकडे एखादा तराजू वेगवेगळ्या वजनांना सलग नऊ वेळा एकच आकडा दाखवू लागला, तर आम्ही त्याला अचूक म्हणत नाही. काटा अडकलाय म्हणतो आणि लाल चिठ्ठी लावतो. इथे काटा चौदा वर्षं अडकलाय आणि त्याला दहापैकी दहा मिळतात.

आम्ही मेणबत्त्या पेटवल्या. पाठीमागच्या गटाची बरणी पहिल्याच झटक्याला बाकावरून खाली गेली (मुद्दा सात पाहा). त्यांना मी शेजारच्या गटाचं मोजून झाल्यावर त्याच गटाची दिली. सतरावा सेकंद आला तेव्हा वर्गात पहिल्यांदाच शांतता झाली. सगळ्या ज्योती मजेत होत्या. अठरा झाले, वीस झाले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा बरणीला अगदी मनापासून म्हणाला, "विझ ना, लिहिलंय मी." पंचविसाव्या सेकंदाला दोघांनी बरणीवर हात दाबून पाहिला. शेवटी मेणबत्त्या आपापल्या सवडीने विझल्या आणि एका गटाने मला येऊन समजावलं की आमची मेणबत्ती बिघडलेली आहे, दुसरी द्या. घड्याळवालीने मात्र वहीत 'निरीक्षण' शब्दापुढे रिकामी जागा ठेवली होती. तिने तीन वेळा मोजलं, तिन्ही आकडे लिहिले, सरासरी काढली, आणि ३१ लिहून त्याखाली रेघ मारली. रेघ पट्टीने मारलेली होती. मी तिला शाबास म्हटलं नाही. आकडा तपासून 'ठीक' म्हटलं, कारण आमच्या कामात तेवढंच म्हणतात, आणि ती तेवढ्यावर खूश झाली.

वह्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः तपासतात, शेजारी नमुना वही उघडून. काल घड्याळवालीची वही दोन गुणांसह परत आली. (दोन गुण रेघेला असावेत.) मी त्यांच्या खोलीत गेले. बाईंनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, फुटलेल्या बरणीबद्दल माझा जबाब घेतला आणि मग म्हणाल्या, "अहो, सतरा म्हणजे सतरा. पुस्तकात आहे का कुठे एकतीस?"

"पुस्तकात सतराही नाही."

"पुस्तकात नसेल. वहीत आहे ना?"

मी म्हटलं, बाई, खरंच एकतीस येतात, पेटवून दाखवू का. त्यावर त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही नवीन आहात. तुम्ही तुमच्या समाधानासाठी पेटवा हो, पण गुण असे रोज विझून चालत नाहीत." मग त्यांनी तोडगा काढला. मुलीने एकतीस खोडून सतरा लिहावेत, त्या आजच्या आज दहा देतील, आणि विषय मिटेल.

हे दहा गुण एरवी मी सोडून दिले असते. पण सुट्टीतल्या विज्ञान शिबिराला सातवीतून दोघांची नावं जायची आहेत, आणि प्रात्यक्षिकात आठच्या खाली असलेल्याचं नाव जात नाही. शिबिरात दहा दिवस खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. तिथला सूक्ष्मदर्शक पेटीबाहेर असतो. घड्याळवालीने तिथे काय काय मोजायचं याची यादी केली आहे, मी ती पाहिली, चाळीस मुद्दे आहेत. यादी शुक्रवारी, १८ तारखेला जाणार. मी तिला मधल्या सुट्टीत बाईंचा तोडगा सांगितला, जसाच्या तसा, माझ्या बाजूने काहीही न घालता. ती थोडा वेळ घड्याळाच्या पट्ट्याशी खेळली. मग म्हणाली, "पण बाई, मग मी शिबिरात जाऊन काय करू?" हा तिचा बारावा प्रश्न. मी नळाची सुतळी घट्ट आहे का ते पाहायला गेले.

आज सकाळी पुन्हा बाईंकडे गेले. घोडं एकाच ठिकाणी अडलंय. वही चुकीची आहे असं त्या म्हणू शकत नाहीत, कारण मग चौदा वर्षांच्या गुणांचं काय करायचं. पण ती वही ज्यांनी केली त्यांनी स्वतः लेखी दिलं तर त्या विचार करतील. ते कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही, फक्त "आमच्या बाई म्हणजे आमच्या बाई होत्या" एवढं म्हणून नमुना वही पदराने पुसली.

तर एकंदर वर्गात काय अपेक्षित असतं, हे आता मला समजलं आहे. समास दीड बोट, पेन निळं, आणि निसर्गाने वहीप्रमाणे वागावं. चार महिन्यांपैकी सात आठवडे उरलेत, ते मी शांतपणे काढीन. माझं काही अडलेलं नाही. तू काळजी करू नकोस. गुडघा शेकत जा.

तुझी भाची

ता. क. : नमुना वहीतल्या सातच्या पोटात आडवी रेघ आहे. अशी रेघ मी आणखी एकाच ठिकाणी पाहिली आहे, तुझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या तारखांमध्ये. तेव्हा कानावर हात ठेवू नयेत.

आणखी ता. क. : ते सतरा सेकंद तू घरी बसून ठोकून दिलेस असा मला सोमवारपासून संशय होता. तो मी लेखी मागे घेते. आज दुपारी काका आपणहून म्हणाले की तुझ्या वेळच्या बरण्या अशा नव्हत्या, "एवढ्याच होत्या," आणि हाताने दाखवलं. त्या कपाट हलवताना फुटल्या, नव्या आल्या त्या जवळपास दुप्पट मोठ्या. तुझी एक जुनी बरणी शिल्लक आहे, तिच्यात खडूचे तुकडे ठेवतात. ती काकांनी स्वतः धुऊन पुसून आणली. (मला हे खरं वाटायला वेळ लागला.) घड्याळवालीने तिच्याखाली तीनदा मेणबत्ती पेटवली. सतरा, सोळा, सतरा. म्हणजे आत्या, या शाळेत चौदा वर्षांत मेणबत्ती पेटवून सेकंद मोजणाऱ्या दोनच जणी झाल्या, आणि त्यातली एक तू आहेस. बरणी केवढी ते लिहायला विसरलीस, एवढाच दोष. आमच्याकडे याला लाल नाही, पिवळी चिठ्ठी लावतात.

शेवटचं : मघाशी माझी सातवीची वही काढून पाहिली. तिच्यातही 'मेणबत्ती १७ सेकंदांनी विझली' असं आहे, समास दीड बोट, पेन निळं. तू पुढच्या टेबलावर प्रयोग करत होतीस आणि मी शेवटच्या बाकावरून शेजारणीच्या वहीत पाहून लिहिलं. मला ज्योत दिसलीसुद्धा नव्हती. तू मला दहा दिले होतेस आणि खाली 'निरीक्षण उत्तम' असा शेरा आहे. घड्याळवालीने आज विचारलं की तुम्ही शाळेत असताना किती सेकंद आले होते. मी सुतळी पुन्हा तपासली. उद्या मी तिला ही वही दाखवणार आहे.

तू मला तीन ओळी पाठव : बरणी लहान होती, तिचा आकडा सतरा होता, आणि बरणी बदलली की आकडा बदलतो म्हणून विद्यार्थ्याने जे दिसेल ते लिहावं. खाली सही. उत्तर गुरुवार, १७ तारखेपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवावं. (ही तारीख मी निवडलेली नाही.)