कोरडा टेप

मंगळवार, चैत्र वद्य पंचमी

आज गावविहिरीत टेप सोडला तर तो तळाशी टेकून कोरडाच वर आला. पाणी समितीची सचिव म्हणून तीन वर्षं दर मंगळवारी पाण्याची पातळी मोजते, असं कधी झालं नव्हतं.

कारण ठाऊक होतं. धाकट्या दिराने विहिरीशेजारच्या रानात परवा बोअर मारलं, तेव्हापासून मोटर बंद नाही. नवं बोअर कुणीच घ्यायचं नाही, असं ग्रामसभेत ठरलं तेव्हा त्यानेही हात वर केला होता. तडक त्याच्याकडे गेले.

"भावजी, कावून केलं असं?"

"वयनी, धा सालाची मोसंबी हाय. डोळ्यांदेखत जळू देऊ का?"

मी तशीच माघारी फिरले.

तहसीलला फोन केला. ते म्हणाले, भूजलवाल्यांना विचारा. भूजलवाले म्हणाले, कारवाई तहसीलच करील. मग आमची समिती कशाला? नुसतं मोजायला?

संध्याकाळी समितीतलेच तिघे आले. "तुमच्या घरचाच ठराव मोडतो, तर आमी कावून पाळायचं? उद्या बोअरची मशीन आनतोय." मी कोरडा टेप पुढे केला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

आत्ता जेवताना हे म्हणाले, "आपुनबी मारू. न्हाईतर आपल्यालाच घोटभर उरायचं न्हाई."

तीन वर्षं घरोघर जाऊन लोकांना 'नको' म्हणत फिरले. आज नवऱ्यापुढे तो एक शब्द तोंडातून निघाला नाही.