हेमांगीच्या मरणाला होड्या थांबल्या

मुंबई, २ जानेवारी २०२५

ती. केसरआत्यास सा. न. वि. वि.

आमच्या इटालियन ऑपेराचं चित्रण झालंय. १२ तारखेच्या रविवारी सकाळी ते अलिबागला मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. नायिका मी! तीन तास परक्या भाषेत गाते.

सोबत दोन तिकिटं आहेत, एक तुझं, एक बाबांचं. गाण्यासाठी घर सोडलं म्हणून तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. निदान एकदा माझं गाणं ऐकू देत. खोटं बोल, काहीही कर, पण त्यांना ने. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून पत्र लिहिलं. जवळ्याची चटणी पाठव.

मला विसरू नकोस,
तुझी हेमांगी

थळ, १४ जानेवारी २०२५

चि. हेमांगीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

अगं बये, काय केलंस हे! शेवटी तू मरतेस, हे आधी सांगायचं न्हाय व्हय?

तुझ्या बाबाला, तुकादादाला, डॉक्टरकडे जायचंय म्हणून नेला. तुझा आवाज लागला तसा पुढे सरकून बसला. म्हणाला, हिची आई अशीच उंच गायची. मी मनात म्हटलं, जिंकले! आणि तू विष प्यालीस. तोंडाला फेस, डोळे उघडे! दादा तुझ्या नावाने ओरडत पडद्याकडे धावला. लोकांनी धरला.

सोमवारी दादा दर्यावर जाईना. खोटं हाय ते कळतंय, पन तिला तसं बघून पाय उचलंना, असं मला म्हणाला. किनाऱ्यावर मोरूने विचारलं, तर एवढंच बोलला की हेमांगी काल डोळ्यांदेखत गेली. झालं! कोळीवाड्यात मयत झालं की कुणी होडी लोटत न्हाय. सगळ्या होड्या थांबल्या. मी मासळी निवडत होते, तर सखुबाई गळ्यात पडून रडू लागली, मागे पंधरा बायका. मला वाटलं, खरंच काहीतरी झालं. तसाच तुला फोन लावला. तू जेवलीस का विचारलंस, आणि मी तिथंच भुईवर बसले.

आता सगळा वाडा दादावर चिडलाय. चटणी पाठवते. याच पत्राखाली दादा काहीतरी लिहितोय, मला वाचू देत न्हाय.

माया आटू देऊ नकोस.
केसरआत्या

चि. हेमांगीस आशीर्वाद.

गाणं चांगलं गातेस. समजलं काय न्हाय, पन चांगलं हाय.

या तीन वर्षांत तू खरंच मेली असतीस, तरी मला कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. त्या पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून हे कळलं. लय घाबरलो, पोरी.

केसर म्हणते, तू फोनवर बोललीस. मला फोन नको. शनिवारी येतो. बेल वाजली की दुसऱ्या कुणाला पाठवू नको. दार तू उघड.

तुझा बाबा