मागाजवळच्या सहा कुंड्या

२२ एप्रिल १९७८
धरमपेठेहून तांडापेठेत सहा कुंड्या आणल्या. दोन मांडीवर, बाकीच्या पायाशी. रिक्षावाल्याला इतक्यांदा हळू म्हटलं की शेवटी तो म्हणाला, "ताई, अंडे आहेत काय?"
कॉलेजातल्या पटवर्धन मॅडम सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. जूनअखेर येतील. वर्गात बंगलेवाल्या मुली असताना ह्या आफ्रिकन व्हायलेट माझ्याकडेच का दिल्या, कळत नाही. पाणी खालून, बशीत. कोमट. पानावर थेंब नको. उजेड हवा, ऊन नको.
पांढऱ्या फुलाला जांभळी किनार असलेलं एकच आहे. मॅडमच्या यजमानांनी बंगलोरहून आणलेलं, त्यांच्या शेवटच्या फेरीत. मॅडम म्हणाल्या, "ह्याला जरा जप." जरा!

२५ एप्रिल
पुढच्या खोलीवर टिनाचं छत. दुपारी पानं लुळी पडतात. ओला पंचा गुंडाळला, जागा बदलली, परत तिथेच ठेवल्या.
आई: "देवाले वाहत नाही, केसात माळत नाही. मंग कामाचं काय हे झाड?" मी म्हटलं, बघायचं. "पाहाचंच असन तं इकडं चुलीकडंही पाहा वं थोडं."

३० एप्रिल
आज बाबाच म्हणाले, "माझ्या खोलीत ठेव. तिथं सूत टिकते तं झाड नाही टिकाचं?"
खरंच, बाबांच्या हातमागाची खोली वेगळीच. विणताना पाय सोडून बसायचा खड्डा गार, जमीन सारवलेली, खाली ओली पोती. खिडकी उत्तरेची, सुताचा रंग उडू नये म्हणून ऊन येऊच देत नाहीत. कुंड्या खिडकीखाली मांडल्या. संध्याकाळी पानं उभी.
किनारवाल्या फुलाकडे बाबा बराच वेळ पाहत होते. "काठ पाह्य वं. कुठंच तुटला नाही." आईला हाक मारून दाखवलं. लुगड्यावर असा काठ आला असता तर, वगैरे.

४ मे
सगळं ठीक. इतकं ठीक की भीती वाटते. परीक्षेचा निकाल राहिलाच बाजूला.

९ मे
पानांवर फिकट पिवळी वर्तुळं. सगळ्यांवर थोडी थोडी, किनारवाल्यावर सर्वांत जास्त. कीड असेल म्हणून भिंग घेऊन पाहिलं. कीड नाही.
दुपारी उलगडा झाला. चहा घेऊन गेले तर बाबा माठातलं पाणी तोंडात घेऊन ताण्यावर, मागावरच्या उभ्या सुतावर, फवारत होते. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तटातट तुटतं, म्हणून सगळेच विणकर असं करतात, लहानपणापासून पाहते आहे. ताणा झाला. मग वळले आणि तसाच एक बारीक फवारा झाडांवर. मग आणखी एक घोट, फक्त किनारवाल्यासाठी.
"बाबा!"
"काहून वं? थे पण तं तहानलं असन."
नंतर हळूच सांगितलं, ह्यांच्या पानांवर पाणी चालत नाही. बाबा फक्त "हो काय" म्हणाले आणि धोटा फेकत पुन्हा विणायला लागले.
'बाबांना सांगायचं राहून गेलं' असं वर लिहिलं होतं, खोडलं. राहून गेलं नाही. आईला सगळं नीट सांगितलं. पण वडलांना त्यांच्याच खोलीत हात लावू नका कसं म्हणायचं, म्हणून सांगितलं नाही.

१३ मे
बाकीच्या पाच बऱ्या आहेत. किनारवालं मधून सडलं. गाभ्याला बोट लावलं तर मऊ, तपकिरी. जेवण गेलं नाही.

१४ मे
कडेची तीन पानं अजून धड होती. देठ तिरपे कापून त्याच कुंडीत ओल्या रेतीत खोवले, मॅडमनी एकदा करून दाखवलं होतं तसे. बाबा दारात उभे. "जगन काय?" माहीत नाही म्हटलं. ते तिथेच उभे राहिले.

२७ मे
नवतपा, वर्षातले सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. एक पान काळं पडलं, काढून टाकलं. दोन उभी आहेत पण नुसतीच.
मॅडमना पुण्याला कळवावं का? नातू झाला असेल. आनंदाच्या घरात हे कशाला? की हे मी माझ्या सोयीचं…

८ जून
दुसरं पानही गेलं. आता एकच. मॅडम आल्या की म्हणायचं, माझ्याकडून झालं. बाबांचं नाव घ्यायचं नाही. खोटं नाहीच ते तसं.

१९ जून
देठाशी रेतीतून हिरवं काहीतरी वर आलंय. उंदराच्या कानाएवढंही नाही. आईला दाखवलं. "हे? हे तं मोहरी." पण पुन्हा वाकून पाहून गेली.

२७ जून
मॅडम स्वतः आल्या, आमच्या घरी! आईने घाईघाईने नवी चादर घातली. नातू गोरा आहे म्हणे. मागाच्या खोलीत नेऊन मी "मॅडम, ते किनारवालं माझ्याकडून" एवढं म्हणते तोच बाबा खड्ड्यातून वर आले.
"पोरीचं काही नाही मॅडम. माझ्यानं झालं. सुतावानी पाणी मारलं मी त्याले."
मॅडम चष्मा काढून कोंबाच्या कुंडीवर वाकल्या. म्हणाल्या, पानापासून केलेल्या रोपाला तीच किनार येते असं नाही. कधी येते, कधी नुसतंच जांभळं फूल येतं. फुलेपर्यंत काही सांगता येत नाही.
बाबा म्हणाले, "म्हणजे काठ सुटू शकते."
"सुटू शकतो."
पाच कुंड्या रिक्षात ठेवल्या. सहावी उचलायला गेले तर मॅडम म्हणाल्या, "ती राहू दे इथेच." आवाजात राग नव्हता. पण माझ्याकडे पाहिलंही नाही. की पाहिलं?

३० जून
विश्वासाने ठेवली, की डोळ्यासमोर नको म्हणून? आईला विचारलं. आई म्हणाली, "तूच जाऊन विचार नं त्याईले." विचारणार आहे. कॉलेज सुरू झालं की.
आज बाबांना चहा द्यायला गेले. सूत तुटत होतं. त्यांनी माठातून पाणी घेतलं, तोंड भरलं आणि तसेच गाल फुगवून खड्ड्यातून उठले. कोपऱ्यातली टोपली आणून कुंडीवर पालथी घातली. परत येऊन ताण्यावर पाणी फवारलं. मग पुन्हा उठून टोपली काढली.
मी दारातच थांबले, चहा निवेपर्यंत.