समीनाचे हात पाठीमागं

मंगळवार, संध्याकाळ

समीनाचे ते हात काही डोक्यातून जाईनात. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला आम्ही दोघींनी बरोबरच प्रवेश घेतला, विद्यापीठात बसतोही शेजारी. मग तिलाच हे कसं जमतं?

आज गारखेड्याच्या शाळेत सरावपाठ होता. पाठ कसला, परीला मोजा घालायला शिकवायचं. परी आठ वर्षांची. बोलत नाही, नवं काही शिकायला तिला लई वेळ लागतो. मॅडमनी वर्गात सांगितलेलंच होतं की सुरुवात आपण करायची आणि शेवटची पायरी मुलासाठी सोडायची. मीही लिहून घेतलं होतं की!

समीनानं मोजा टाचेपर्यंत चढवला आणि हात पाठीमागं बांधून बसली. परी आपली खिडकीकडं बघतेय. माझाच जीव वरखाली. शेवटी मी हात पुढं केला, तर समीना हळूच म्हणाली, "थांब ना गं वैशू. तिचं काम हाय ते."

आणि थोड्या वेळानं परीनं ओढला मोजा! पार घोट्याच्या वर! मी टाळ्याच पिटल्या.

निघताना समीना पायरीवर सँडल घालायला बसली. परी पळत आली. तिच्या पायात सँडल सरकवली, पट्टा टाचेपर्यंत आणला आणि थांबली. हात पाठीमागं बांधून, समीनाच्या तोंडाकडं बघत.

समीनानं पट्टा ओढला. परीनं टाळ्या पिटल्या.

त्या तेवढ्या माझ्याकडून शिकली.