मधल्या सेलमधला तरंगा

नंदुरबार, मंगळवार, दिवेलागण

आज शेठच्या आजोबांच्या वेळच्या मोटारीची बॅटरी तपासली. सहा व्होल्टची, तीनच सेल. मधल्या सेलमध्ये काचेची नळी घातली, ॲसिड ओढलं, तर ॲसिडचा जोर दाखवणारा आतला तरंगा हलायचा थांबेना. आकडा वाचताच येईना. मी सांगून टाकलं, "मधला सेल मरी गया, शेठ." पहिला सेल तरी नीट वाचला होता का मी?

शेठनी नळी स्वतः धरली. "मन्हा हातमा तर सरळ उभा शे, नाना." मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि नळी परत दिली नाही.

तरंगा ठीक होता. सेलही ठीक होता.

थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. माझ्याच शेजारी बसून जन्मभर बॅटऱ्यांचं शिसं वितळवलं त्यानं, तोच धूर मीही घेतला. आधी त्याच्या हातातून कप पडायचा, आम्ही हसायचो. मग मनगट उचलेना. मग गेलाच.

आत्ता लिहिताना डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलंय. शेठना उद्या सांगेन, बॅटरी चांगली आहे. बायकोला काय सांगू? ती आतून चहाला हाक मारतेय, आणि मी कप घ्यायला उठत नाही.